उलट्या टाक्यांची पत्रावळ

आप्पा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. चूल आता सून सांभाळते, त्यामुळे दुपारी मला वेळ असतो आणि तुम्ही कल्याणला पोलिसात जमादार होतात तेव्हाचं एकेक आठवत बसते. त्यात सगळ्यात जास्त आठवतं ते त्या आचाऱ्याचं प्रकरण. सहा वर्षं तुम्ही त्याच्या मागावर होतात. धर्मशाळेत उतरलेल्या यात्रेकरूंना तो गाठायचा, "मी आचारी आहे, चार घास रांधून देतो," म्हणायचा आणि जेवणात धोतऱ्याच्या बियांची पूड घालायचा. माणसं बरळायला लागायची, मग आडवी व्हायची, आणि हा त्यांच्या अंगावरचं काढून पसार. आठजण मेले. जे वाचले त्यांची आठवणच धोतऱ्याने गढूळ केलेली. कुणी म्हणे दाढी होती, कुणी म्हणे तोंड गुळगुळीत. कुणी तिशीचा सांगे, कुणी पन्नाशीचा. कचेरीतले लोक तुम्हाला हसत. आई म्हणायची, "अहो, तो केव्हाच देशावर गेला असेल." तुम्ही म्हणायचात, "गेला असेल तर परत येईल. त्याला इथलं पाणी मानवलंय."

मी अकरा वर्षांची होते. लग्न झालेलं, सासरी जायचं बाकी होतं. त्या दुपारी तुम्ही मुरबाडच्या वाटेवरून आलात. तिथल्या धर्मशाळेत कोकणातली एक बाई आणि तिचा मुलगा तसेच धोतऱ्याने मेले होते. तुम्ही गाठोडं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवून पाय धुवायला गेलात आणि मी ते सोडलं. आत त्या आचाऱ्याने टाचून वाढलेली एक सुकलेली पत्रावळ. मी ती उजेडात धरलेली तुम्ही पाहिलीत आणि ओरडलात, "खाली ठेव! मुद्देमालाला हात लावायचा नाही, किती वेळा सांगू?" तुम्ही मला कधी मारलं नाहीत, पण तो आवाज अजून कानात आहे. मी रडत रडतच म्हटलं, "पण आप्पा, ही उलटी टाचलीय." तुम्ही हात पुसता पुसता थांबलात. "उलटी म्हणजे?" मी कोनाड्यातली आमची, घरी टाचलेली पत्रावळ आणून शेजारी ठेवली. आमच्या पत्रावळीत पानावर पान उजवीकडून चढत गेलेलं, काड्यांची मोडकी टोकं एका बाजूला. त्या पत्रावळीवर सगळं याच्या उलट. आई चुलीपुढून उठून आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "डावखुरा आहे मेला."

तुम्ही तसेच खाली बसलात. मग हळूच म्हणालात, "वाढत असेल उजव्याच हाताने. डाव्या हाताने वाढणाऱ्याला पंक्तीत कोण उभं करील? म्हणून तर कुणाच्या ध्यानात आलं नाही." त्या दिवशी तुम्ही दोनदा भात मागून घेतलात. माझी समजूत काढली नाहीत, पण ताकाची वाटी माझ्याकडे सरकवलीत.

पुढे दीड वर्ष तुम्ही चेहरे बघायचं सोडून हात बघत हिंडलात. अखेर टिटवाळ्याला, देवळामागच्या तळ्याकाठी भर दुपारी तो सापडला, हे तुम्ही जेवताना आईला सांगितलंत तेव्हा मी दाराआड होते. तुम्ही यात्रेकरूच्या वेषात. एक कुटुंब पंक्तीला बसलेलं, नवरा-बायको, म्हातारी आणि कडेवरची पोर. आचारी कमी पडलेली पत्रावळ टाचतोय, डाव्या हाताने. भात आधीच वाढलेला. बाईने पोरीसाठी घास कालवला आणि तुम्ही ओरडलात, "हात काढा! कुणी जेवू नका!" सगळे गोठले. तुम्ही एक पान उचलून त्याच्यापुढे धरलंत. "आचारीबुवा, पहिला घास तुमचा." तो म्हणाला, "आचारी मागाहून जेवतो." तुम्ही म्हणालात, "आज आधी जेवा." त्याने पत्रावळ तळ्यात भिरकावली आणि उठला, पण तुम्ही त्याचं डावं मनगट धरलं होतं. बाकीच्या पानांवरच्या भातात धोतरा निघाला. ठाण्याला खटला चालला, फाशी झाली. त्याबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. एकदाच म्हणालात, "आठजण काही परत आले नाहीत. पण त्या चौघांची संध्याकाळची गाडी चुकली नाही." आणि विडा तोंडात टाकलात.

खटल्याच्या कागदांत माझा उल्लेख नव्हता. आईला ते लागलं, मला नाही. कारण ठाण्याहून येताना तुम्ही पाटी आणली होतीत. "जिला टाका वाचता येतो तिला अक्षरही येईल," म्हणालात आणि शेजारचे काय म्हणतील याची पर्वा न करता ओसरीवर बसून मला शिकवलंत. सासरी जाईपर्यंत जोडाक्षरं झाली. माझं बरं चाललंय आप्पा, खरंच बरं चाललंय.

एक मात्र कबूल करायचं आहे. नातीला ही हकिकत सांगताना मी थोडं पदरचं घालते. आधी मी नुसती तळ्याकाठी उभी असायचे. काल तर त्याचं मनगट मीच धरलं. ती म्हणाली, "आणि पणजोबा काय करत होते?" मी म्हटलं, "ते जरा घाबरले होते गं." पत्र तुमच्यापर्यंत धाडायची सोय नाही, ते या एका कारणासाठी बरंच आहे.