पातेल्यातला ऑइल पंप

५ जानेवारी

ती. दादास,

धाकट्याचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. निवृत्त झालास, बरं झालं. पण निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात तुला आपली म्हातारी आठवावी आणि मालकांनी भंगारात काढल्यापासून माझ्या अंगणात गंजत पडलेला तो म्हातारा ट्रक चालू करायचा हुकूम माझ्यावर सुटावा, हे काही बरं झालं नाही. वर लिहितोस, तुझ्यामुळे बसली, तूच उठव. वीस वर्षं हे एकच पालुपद ऐकतोय. पुन्हा एकदा लिहितो. चढावर इंजिन जाम झालं त्या दिवशी सकाळी तुझा क्लीनर म्हणून मी ऑइलची दांडी काढून पाहिली होती आणि ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं. तू म्हणतोस, मी पाहिलंच नाही आणि तू मदत आणायला गेलास तेवढ्यात गुपचूप ओतलं. आता इंजिन उघडायचंच आहे, तर ते काय म्हणतं तेही कळू दे.

कामाचं म्हणशील तर मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. माझा सगळ्यात मोठा पाना तुझ्या करंगळीएवढा. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून हत्यारं मागून आणली. हेडचे बाकी नट सुटले, एक तुटला आणि एक काही केल्या हलत नाही. काल त्याच्यावर जोर लावताना हात सटकला आणि बोटांची सालं निघाली. हिचं मोठं पातेलं मी सुटे भाग डिझेलमध्ये भिजवायला घेतलंय. ते परत मिळालं नाही तर मी ट्रकमध्येच झोपायचं, असं तिनं बजावलंय.

आणि तू तिकडे शपथ घेऊन बसलायस, म्हातारी चालू झाल्याशिवाय माझ्या अंगणात पाय ठेवणार नाहीस. हिनं आपल्या मोठ्या दिरांना या घरात एकदाही जेवताना पाहिलेलं नाही. याचा मला किती राग येतो ते पत्रात लिहिता येत नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ असू दे, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
छोट्या

१६ जानेवारी

चि. छोट्यास,

अनेक आशीर्वाद.

नट आपण होऊन तुटत नाही, तोडणारा लागतो. नटावर थोडं डिझेल सोड, दोन दिवस थांब, मग हळूहळू ढिला कर. घाई तुझ्या नेहमीच अंगाशी येते. जे भोक उघडं पडेल त्यात लगेच फडकं कोंबत जा, धूळ आत जाता कामा नये. मी जन्मभर तेच करत आलो.

ऑइलचं तुणतुणं आता पुरे. इंजिन बसण्याच्या आठवडाभर आधीच मी स्वतः तळाचं ऑइलचं चेंबर उतरवून पॅकिंग बदललं होतं. तू तेव्हा तापानं अंथरुणात होतास. म्हणजे माझ्या बाजूनं काम चोख होतं. निरोपाच्या दिवशी मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या माणसाच्या हातून एकही इंजिन गेलं नाही. टाळ्या वाजल्या, पण मला म्हातारी आठवली. तेवढा एक डाग आहे माझ्या नोकरीवर आणि तो माझ्या भावानं लावलेला आहे. तो पुसायचाय, म्हणून ती चालू झालेली हवी.

सूनबाईंना आशीर्वाद. पातेलं नवीन घेऊन दे.

तुझा हितचिंतक,
दादा

३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

इंजिन साखळीनं उचलून लाकडी घोडीवर घेतलं. तिसरा पिस्टन आतमध्ये असा चिकटलाय की लाकडी ठोकळा लावून रोज ठोकतो, रोज हात दुखतात आणि तो तसूभर हलत नाही. शेजारी विचारतात, घर पाडताय का.

चेंबर उतरवलं. ऑइल भरपूर निघालं, पण ते मी नंतर ओतलं असं तू म्हणणार, तेव्हा त्याचा मला काडीचा उपयोग नाही. पुढचं खोटं लिहिणार नाही. क्रँकची बेअरिंग जळून काळी पडलीत, त्यांच्यापर्यंत ऑइल पोचलेलंच नाही. म्हणजे बघणारा तुलाच खरं म्हणेल. दादा, मी ऑइल पाहिलं होतं रे! आता हे सांगायलासुद्धा मला लाज वाटायला लागलीय. तोच राग काढायला मी हातोडा भिंतीवर फेकला आणि हिच्या कुंडीचा बळी घेतला.

ऑइल पंपाची जाळी डांबरासारख्या गाळानं भरलीय. पंप तसाच पातेल्यात भिजत टाकलाय. जमेल तेव्हा बघेन. सध्या मला त्या इंजिनाचं तोंड बघायची इच्छा नाही.

रागावलास तरी पत्र पाठवत जा.

तुझा,
छोट्या

१२ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनींस,

सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुमच्यासाठी. दादा घरी नसताना वाचा.

ही पातेल्यासाठी हटूनच बसली, म्हणून काल पंप साफ करायला घेतला. जाळीवरचा गाळ खरवडला तर तो गाळ नव्हताच. कापडाचा बोळा होता. पंपानं ऑइल खेचलं तसा तो जाळीवर घट्ट बसला आणि ऑइल वर चढायची वाट बंद झाली. हिनं तो साबणानं धुतला. हिरवं कापड, पांढरे ठिपके, एका कडेला शिलाई, आणि त्या शिलाईत दर चार-पाच टाक्यांनी एक टाका सुटलेला. वहिनी, ट्रकवरून हाकलल्यावर मी आयुष्यात पहिलं मशीन दुरुस्त केलं ते तुमचं, आणि त्याचं दुखणं नेमकं हेच होतं. तुमच्या स्वयंपाकघरातल्या पडद्याचा तुकडा आहे हा. चेंबर शेवटचं कोणी उतरवलं होतं आणि उघड्या भोकात फडकं कोंबायची सवय कोणाची, ते मी तुम्हाला सांगायला नको.

वीस वर्षं मी याच क्षणाची वाट पाहिली. पुरावा सापडला की दादाच्या नाकासमोर धरीन, असं ठरवलं होतं. आणि सापडला तर हात उचलवेना. नोकरीतल्या एकाच डागाबद्दल तो मला लिहितो, आणि तो डाग त्याच्याच हातचा आहे हे मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू? चीड येते हो. त्याची येते, माझीही येते. तुम्ही मात्र काही बोलू नका.

तो तुकडा हिनं वाळवून घडी घालून ठेवलाय. चिंधी टाकणं तिला माहीतच नाही.

तुमचा,
छोट्या

१२ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पंप साफ केला. जाळी जुन्या गाळानं बुजली होती. ऑइल होतं, पण वर चढलं नाही. जुनं इंजिन, चालायचंच. दोष तुझाही नाही, माझाही नाही. हा विषय आता बंद करू.

क्रँकचं एक बेअरिंग नमुन्याला पार्सलनं पाठवतोय. त्या मापाचं तिकडच्या बाजारात मिळतं का बघ. पार्सल हिनं बांधलंय, उघडायला तुला पान्याची गरज पडेल.

माया असू दे.

तुझा,
छोट्या

२३ फेब्रुवारी

चि. भाऊजींस,

अनेक आशीर्वाद.

तुम्ही बोलू नका म्हणालात, मी बोलले नाही. पण तुमच्या बायकोनं बेअरिंग ज्यात गुंडाळलं होतं, ते पाहिलंत का? शाबासकी द्यायची की बोलणी, तुम्हीच ठरवा.

ह्यांनी पार्सल उघडलं, बेअरिंग बाजूला ठेवलं आणि फडकं घेऊन बसले. धुतलं तरी जाळीचे चौकोन त्याच्यावर उमटलेले आहेत. मग उठून स्वयंपाकघरात आले. त्या पडद्याचा जोडीदार माझ्या खिडकीला अजून आहे. तुकडा त्याच्या कडेशी धरून सुटलेले टाके बघत उभे राहिले. मी भाजी चिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर गेले. जुन्या ड्रायव्हरांच्या ज्या बाकावर तुम्ही न पाहिलेल्या ऑइलची गोष्ट इतकी वर्षं सांगितली, तिथं त्यांनी ती पुन्हा सांगितली, या वेळी शेवट बदलून. परत आले ते घसा बसलेला. जेवले नाहीत.

खालच्या ओळी त्यांच्या. पत्राच्या कडेचा काळा डागही त्यांचाच, सारखं ते फडकं हाताळतात.

तुमची,
वहिनी

छोट्या,

ऑइल होतं.

गुरुवारी येतोय. म्हातारी चालू व्हायची वाट बघत बसलो तर सूनबाईंच्या हातचं जेवायचं राहूनच जाईल. चेंबर लावू नकोस, ते मी लावीन. लावायच्या आधी आतली फडकी तू मोजायची.

दादा