हलकं काडतूस

३ ऑक्टोबर
कोचेव्येच्या जंगलातली वनरक्षकाची नोकरी अखेर मला मिळाली. माझा थोरला भाऊ ग्रेगा इथंच रक्षक होता, वसंतात अस्वलानं त्याला फाडेपर्यंत. घर तेच, चूल तीच, खुंटीवरची टोपीसुद्धा त्याचीच. तरी मी शीळ घालत सामान लावलं. बघणाऱ्याला वाटेल, सख्खा भाऊ गेला आणि हा बेटा मजेत आहे. आहेच मजेत. ज्याच्यासाठी आलो ते अस्वल याच डोंगरात फिरतंय.

शिकारमंडळाचे प्रमुख लोय्झेकाका सॉसेज आणि आलुबुखाराची दारू घेऊन आले. म्हणाले, यंदाचा अस्वलाचा परवाना तुझ्या नावावर काढलाय बाळा, पण राग घरी ठेवून मचाणावर चढ. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय!

५ ऑक्टोबर
घरात दोन रायफली आहेत. मंडळाची नऊ-तीनची, म्हणजे ९.३ मिलिमीटर जाडीच्या गोळीची, आणि ग्रेगाची बारीक, साडेसहाची. कुठली न्यायची हे विचारायला झाल्कामावशीच्या दुकानात गेलो. नवरा गेल्यापासून बंदुका, काडतुसं आणि गावातल्या पुरुषांची अक्कल, सगळं तीच सांभाळते.

तिथं भांडण आयतंच पेटलेलं होतं. लाकूडतोड्या तोने म्हणत होता, आठ मिलिमीटरच्या पलीकडे देवानं काही निर्माण केलेलं नाही. मावशी म्हणाली, तुझ्या देवाला अस्वल कधी भेटलंय रे? नऊ-तीनच ने, म्हणाली. गोळी जड, वेग बेताचा, पण खांद्याचं हाड फोडून आत जाते आणि जनावर जागच्या जागी बसतं. त्याहून मोठं नको का, असं मी विचारलं, तर माझा खांदा चाचपून म्हणाली, शहरात राहून लोणी झालंय तुझं. मोठ्या काडतुसाच्या धक्क्याला भिऊन डोळे मिटशील आणि गोळी भलतीकडे घालशील. सगळे हसले, मीही हसलो.

निघताना तिनं हळूच सांगितलं की ग्रेगा साडेसहा घेऊन गेला होता. अस्वल नुसतं जखमी झालं. इथला नियम असा की ज्यानं जखमी केलं त्यानंच माग काढून संपवायचं. तो गेला माग काढत. नियम पाळला म्हणून मेला तुझा भाऊ, म्हणाली. मी नऊ-तीनची काडतुसं घेतली.

९ ऑक्टोबर
दिवसभर दोन्ही काडतुसं टेबलावर ठेवून बघत बसलो. नऊ-तीन म्हणजे एक दणका, आणि खेळ खलास. ग्रेगाचा खेळ तसा खलास झाला नव्हता. झुडपात पडून पहाटेपर्यंत तळमळत होता तो. सापडला तेव्हा तोंडात चावलेलं शेवाळ होतं. मग या हरामखोराला एका क्षणात का सुटू द्यायचं?

ग्रेगाचीच रायफल नेईन. हलकी, कठीण टोकाची गोळी, आणि ती पोटात. जशास तसं.

१० ऑक्टोबर
मचाणावर बसलो होतो. अस्वल उन्हं असतानाच आलं, पुढचा उजवा पाय ओढत. ग्रेगाच्या गोळीची खूण. आमिषाला टाकलेले मक्याचे दाणे खाताना त्याचा खांदा सरळ माझ्यासमोर होता. मी नेम खांद्यावरून मागे सरकवला आणि पोटात गोळी घातली.

खाली बसलं. स्वतःची कूस चावली. मग मचाणाकडे बघितलं आणि झाडीत शिरलं. आतून कण्हणं येत राहिलं, अगदी माणसासारखं. मी ते ऐकत बरोबरची भाकरी खाल्ली. इतकी गोड भाकरी बऱ्याच दिवसांत लागली नव्हती.

खाली उतरून रक्तावर माती सारली. माग काढला नाही. लोय्झेकाकांना सांगितलं, नेम चुकला. म्हणाले, पहिल्यांदा होतं असं, जीवाला लावून घेऊ नकोस.

१३ ऑक्टोबर
भरदुपारी लाकडाच्या खोपीमागून कण्हणं ऐकू आलं. नऊ-तीन भरून बाहेर गेलो. कोणी नव्हतं. चिखलात एक ठसा नाही. वारा असेल. फरच्या झाडांतून वारा काहीही बोलतो.

१५ ऑक्टोबर
लोय्झेकाकांच्या कुत्र्यांना अस्वल सापडलं, दरीच्या खड्ड्यात, मेलेलं. मला नेऊन दाखवलं. पोटावर वाटाण्याएवढं भोक. काकांनी विचारलं, काय भरलं होतंस? मी म्हणालो, नऊ-तीन.

ओरडले नाहीत. म्हणाले, हे भोक नऊ-तीनचं नाही, पोरा. आमच्यात चोर आहेत, दारुडे आहेत, त्यांना आम्ही सांभाळून घेतो. हे नाही. रविवारी घर सोड.

खड्ड्यात चुना टाकला, माती लोटली. माझ्या डोळ्यांदेखत. परत आलो तर पायरीपाशी तेच कण्हणं.

१६ ऑक्टोबर
दारात आहे. पाय ओढल्याचा आवाज, थांबतो, मग पुन्हा. उघडलं की कोणी नाही. पायरी मात्र ओली, गरम.

आवाजावर नऊ-तीन झाडली. पायरीच्या चिरफळ्या उडाल्या. कण्हणं तसंच. थोडं जवळ आलं.

मेलंय ते. मी पाहिलंय ना —

१७ ऑक्टोबर
स्वयंपाकघरात. उजेडात, ऊन पडलेलं असताना, आणि दिसत नाही.

पोटात दुखतंय. शर्ट वर करून बघितलं — वाटाण्याएवढी जागा काळीनिळी पडलीय. झाल्कामावशीला फोन केला. म्हणाली, सामान राहू दे, आत्ता नीघ. निघालो. गाडीपर्यंत — उजवा पाय उचलत नाही — रांगत परत आलो.

१८ ऑक्टोबर
ग्रेगा, मी तुझ्यासाठी — नाही. खोटं कशाला. मला मजा आली होती.

ओरडून सांगितलं त्याला, ये, मार, एकदम मार. आवाज थांबला. वाटलं, आता मारेल.

नाही. खुर्ची कुरकुरली. कोणीतरी बसलं.

त्याला घाई नाही — कण्हणं आता माझंच आहे — आणि ते समोर बसून ऐकतंय —