बाई, यंदा मेंढरं माझ्याच रानात बसली

प्रिय बाई,

चौथीत मी पत्रात 'प्रिय बाई' लिहिलं होतं. गुरुजनांना 'आदरणीय' लिहायचं असतं म्हणून तुम्ही दहापैकी चार गुण दिलेत आणि खाली लाल शाईत 'अक्षर सुधार' असा शेरा मारलात. आज तपासायला तुम्ही नाही, तेव्हा मी मला हवं तेच लिहिणार. अक्षर मात्र अजून तसंच आहे, त्याला इलाज नाही.

पत्राचं कारण असं की काल औरंगपुऱ्यात जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन झालं आणि आपल्या शाळेचा दुसरा नंबर आला. दुसरा, बाई! आपल्या तीन खोल्यांच्या शाळेचा! पहिला का नाही, असं तुम्ही लगेच विचारणार, ते मला ठाऊक आहे. पण आधी आनंद तर करा. गावात सगळ्यांना सांगून झालं, चितेगावच्या कंपनीत सांगून झालं, आमच्या शिफ्टच्या सुपरवायझरला तर दोनदा सांगितलं. सांगायच्या फक्त तुम्हीच राहिलात.

नव्या सरांनी आल्या आल्या मला विचारलं होतं, "दिनकरराव, तुम्ही शाळा समितीचे अध्यक्ष. या शाळेत भिंतीवर दोन वेळापत्रकं कशी?" आता काय सांगायचं? म्हटलं, एक पोरांचं आणि दुसरं मेंढरांचं. सरांना वाटलं मी थट्टा करतोय.

मग त्यांना सगळं बैजवार सांगितलं. वाड्यावरची, म्हणजे मेंढपाळांच्या तळावरची, धनगरांची पोरं दिवाळी झाली की मेंढरांमागं निघून जायची आणि शाळा अर्धी रिकामी व्हायची. पट असाच घसरला तर शाळा बंद करून पोरं चितेगावला धाडू, असं वरून सांगणं आलं. तेव्हा तुम्ही शेतकऱ्यांच्या दारोदार फिरलात. कुणाचं रान कधी मोकळं होतं ते लिहून घेतलंत आणि त्याप्रमाणं मेंढरं रानात बसवायच्या पाळ्या लावल्यात. रात्री मेंढरं रानात बसली की लेंडीखत आपोआप पडतं, शेतकरी त्याबद्दल धनगराला ज्वारी देतो. ही रीत तर वाडवडिलांपासूनची. तुम्ही फक्त तिला शाळेच्या भिंतीवर आणलंत. मेंढरं शिवारातच फिरली, की पोरं शाळेत राहिली!

या वेळापत्रकात अडचणीची जागा एकच होती. दिवाळीनंतरचा पंधरवडा. तेव्हा सगळे रब्बीच्या पेरणीत गुंतलेले, मोकळं रान फक्त माझं, ओढ्याकाठचं, बाजरी काढलेलं. तेवढे पंधरा दिवस मेंढरांना जागा मिळाली नाही, तर वाडा उठणार आणि पोरंही जाणार. म्हणून दर वर्षी तुम्ही माझ्या ओट्यावर येऊन बसायच्या. मी दर वर्षी कुरकुर करायचो आणि दर वर्षी हो म्हणायचो.

आणि मग मागच्या वर्षी तुम्ही तो पराक्रम केलात! बाई, निवृत्त झाल्यावर तरी माणसानं जरा दम खावा की नाही?

मागच्या वर्षी आपली शाळा पहिल्यांदाच जिल्ह्याला निवडली गेली होती. मेंढीखतावर प्रयोग होता, दोन कुंड्या होत्या, तक्ता होता. पण तुम्हाला वाटलं, परीक्षकांना खरं मेंढरूही दाखवावं. बरं, दाखवायचं तर एखादी म्हातारी मेंढी घ्यावी. कळपाचे धनी, वाड्यावरचे सटवामामा ओढ्यावर तोंड धुवायला गेले होते, तेवढ्यात तुम्ही पोरांना हाताशी धरून वाघूर सोडलंत, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, आणि कळपातला सगळ्यात देखणा, माणसाळलेला, गळ्यात घंटा असलेला मेंढा टेम्पोत चढवलात. तो सरदार होता, बाई! सगळा कळप ज्याच्या घंटेमागं चालतो, तो! धनगराच्या चार वर्षांच्या लेकरानंही तुम्हाला सांगितलं असतं. पण विचाराल त्या तुम्ही कसल्या? आणि पोरांना कळत होतं, पण बाईंना कोण टोकणार?

मी रात्रपाळी संपवून गाडीवरून येत होतो. समोरून टेम्पो आला. पुढं ड्रायव्हरशेजारी तुम्ही, आरशात बघून पदर सारखा करताय. मागं पोरं, मध्ये सरदार, घंटा खणखणतेय. आणि टेम्पोमागं सटवामामांची झाडून सगळी मेंढरं! वळणावर टेम्पो रस्त्यानं वळला. मेंढरांना रस्त्याशी काय देणंघेणं? ती सरळ माझ्या हरभऱ्यातून निघाली. घाट्यांवर आलेला हरभरा, बाई. सगळ्यांच्या मागून सटवामामा धोतर सावरत पळतायत आणि ओरडतायत, "आरं थांबवा रं! सरदार नेला की वो बाईनं!"

आज हसतोय मी. त्या दिवशी नाही हसलो. कळप परत फिरवेपर्यंत ऊन वर आलं. पोरं प्रदर्शनाला पोचली तेव्हा नोंदणी बंद झाली होती. हरभरा तर गेलाच. तुम्ही संध्याकाळी येऊन म्हणालात, "दिनकर, चूक माझी." आणि त्यावर हसलातही. त्या हसण्यानंच माझं डोकं फिरलं.

म्हणून उन्हाळ्यात तुम्ही पुढच्या दिवाळीचं विचारायला आलात, तेव्हा मी म्हणालो, "बाई, रान माझं आहे, शाळेचं नाही." तुम्ही पाणी प्यालात, तांब्या खाली ठेवलात, "बरं" म्हणालात आणि निघालात. दर वेळी मी तुम्हाला फाट्यापर्यंत गाडीवर सोडायचो. त्या दिवशी नाही सोडलं. भर उन्हात चालत गेलात तुम्ही. श्रावणात निरोप आला की तुम्ही गेलात. तुमच्याशी माझं शेवटचं बोलणं ते असावं? याचं मला फार वाईट वाटतं, बाई. अजून वाटतं.

असो. तुमच्या भाषेत, रडगाणं पुरे, पुढचा मुद्दा!

यंदा दिवाळीनंतर मेंढरं माझ्याच ओढ्याकाठच्या रानात बसली. सगळे पंधरा दिवस. मी स्वतः सटवामामांकडं गेलो. ते घोंगडीवर बसून चहा पीत होते. म्हणाले, "खरं बोलायलास का? का पुन्हा फिरशीला?" म्हटलं, खरं बोलतोय. तर म्हणाले, "मंग वाडा नाय उठत. पोरगी बी जाती साळंत."

ती पोरगी म्हणजे त्यांची नात, सहावीतली कोमल. तिनं या वर्षी काय करावं? माझ्या रानाच्या दोन कडांची माती आणली. एक मेंढरं बसलेली, एक न बसलेली. दोन्हींत गहू पेरला, रोज काडीनं मोजून उंची लिहिली. आणि कुंड्यांवर चिठ्ठ्या काय लावल्या? 'दिनकररावांचं रान, मेंढरं बसलेलं' आणि 'दिनकररावांचं रान, मेंढरं न बसलेलं'. दुसऱ्या कुंडीतले गव्हाचे कोंब आजारी माणसासारखे पिवळे. अख्ख्या जिल्ह्यापुढं माझी शोभा!

मी शेजारीच उभा होतो. परीक्षक बाईंनी विचारलं, "यांनी सगळ्याच रानात मेंढरं का नाही बसवली?" कोमल म्हणाली, "मॅडम, ते लई हट्टी हायेत. पर औंदा ऐकलं त्यांनी." सगळा मांडव हसला. मीही हसलो, करतो काय!

आणि परत आलो तेव्हा फाट्यावर निम्मं गाव उभं! सटवामामांनी सरदाराच्या शिंगांना गुलाल लावून आणला होता. म्हणाले, "बाईनं केलं तसंच करू." सरदाराला मुद्दाम टेम्पोत चढवला, कोमलजवळ. टेम्पो हळूहळू निघाला, मागं सगळी मेंढरं, त्यांच्यामागं बायाबापड्या, पोरंटोरं, हलगी. अशी मिरवणूक कुठल्या आमदाराची निघाली नसेल! मी कुठं होतो म्हणाल? वळणावर, हातात काठी घेऊन, दोन्ही हात पसरून, हरभऱ्याच्या पुढ्यात. गुलाल पडला माझ्यावरही. हरभरा वाचला.

पटपडताळणीचे साहेब दोन आठवड्यांपूर्वी येऊन गेले. वाड्यावरचं एकेक पोर हजर होतं. काल प्रदर्शनातच त्यांनी सरांना सांगितलं, शाळा आहे तिथंच राहणार. सरांनी ते मिरवणूक शाळेत पोचल्यावर सांगितलं, आणि सटवामामांनी सरदाराचाच मुका घेतला.

आता एक गोष्ट, जी कुणालाच सांगितली नाही. सगळ्यांना वाटतं, मला उपरती झाली. तसं काही नाही. तुम्ही गेल्यावर शाळेतलं तुमचं कपाट आवरायला सरांनी मला बोलावलं. त्यात मेंढरांची सगळी जुनी वेळापत्रकं होती, वर्षावर्षाची. दर वर्षी सगळ्यांची नावं शाईनं आणि दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात माझं नाव पेन्सिलनं. हा कधी फिरेल सांगता येत नाही, म्हणून ना? ओळखून होतात!

सगळ्यात वर यंदाचं होतं. खाली तारीख होती, मी तुम्हाला नाही म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्यावर माझं नाव शाईनं लिहिलेलं होतं. मी खाली बसलो, बाई, तिथंच फरशीवर. सर म्हणाले, चक्कर आली का? म्हटलं, हो.

तर वचन देतो. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक मी लिहीन. माझं नाव सगळ्यात आधी आणि शाईनं. माझ्या हातून ज्याचं नाव पेन्सिलनं पडेल, त्याच्या ओट्यावर जाऊन मी बसेन आणि तो काहीही बोलला तरी 'बरं' म्हणून उठेन. आणि यापुढं आपल्या शाळेत कुणी पाहुण्या बाई आल्या, तर त्यांना उन्हात चालत जाऊ देणार नाही. फाट्यापर्यंत मी सोडीन.

गुण द्या. या वेळी चारापेक्षा जास्त द्या.

तुमचा,
दिनकर
(चौथीतला, खिडकीजवळचा)