सातने गुणायचं नाही

प्रिय शेंडेफळा,

हे फोनवर सांगता आलं नसतं. बाबांबद्दल वेडंवाकडं ऐकलं की तू फोनच ठेवून देतोस.

बाबांचा आकडा आठवतो ना? एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. दुकानात कॅल्क्युलेटर दुरुस्त झाला की ते आधी १४२८५७ दाबायचे. दोनने गुणलं की २८५७१४, तीनने गुणलं की ४२८५७१. सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक, फक्त जागा बदललेल्या. हे आपलं घर, म्हणायचे. आई, बाबा आणि आपण चौघं. जेवायला कोण कुठेही बसलं तरी माणसं तीच. तू एकदा सातने गुणायला निघालास, तर आईने कॅल्क्युलेटर तुझ्या हातातून काढून घेतला आणि बाबा खाली मान घालून जेवत राहिले. मला वाटलं, जेवताना खेळ नको म्हणून असेल.

काल दुकानात एक बाई आली. जुना कॅल्क्युलेटर, बटण अडकत होतं. दुरुस्त करून दिला, तर तिने तपासायला आपलाच आकडा दाबला. बाबांचं जुनं गिऱ्हाईक दिसतंय, म्हणून मी मनात खूश. मग तिने सातने गुणलं. ओळीने सहा नऊ, ९९९९९९. कोणी शिकवलं विचारलं, तर भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाली, "बाबांनी. मला सातवी म्हणायचे." बाबांच्या त्या दर महिन्याच्या परगावच्या दुरुस्त्या! साधी थाप मारताना ज्यांचे कान लाल व्हायचे, ते आपले बाबा रे! ती तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, तेव्हा शेंडेफळ हे नाव तुला आता सोडावं लागणार.

आईला कसं सांगायचं म्हणून मी दुकानातून घरापर्यंतचा जिना दोनदा चढले-उतरले. ती भाजी निवडत होती. ऐकलं, आणि निवडतच राहिली. "मला माहीत आहे," म्हणाली. "म्हणून तर सातने गुणू देत नव्हते." बाबांचं कळलं त्याहून मोठा धक्का मला तिथे बसला. एवढं सगळं पोटात ठेवून ही बाई त्यांच्या प्रवासाची बॅग भरून देत होती.

त्या मुलीची आई नुकतीच गेली, ती एकटीच असते. आपली आई म्हणते, रविवारी तिला जेवायला बोलव, पण दार धाकट्यानेच उघडायला हवं. तू बाबांवरचा राग तिच्यावर काढशील याची मला भीती वाटते, म्हणून हे लिहितेय. बाबा गेले त्या दिवशी जिन्यात कोणी रडत उभी होती, आठवतं? तुला गिऱ्हाईक वाटलं. दुकान बंद आहे, नंतर या, म्हणालास. आईने आतून ऐकलं, पण तिच्याने उठून बाहेर येववलं नाही. ती आता आलीय रे.

तुझीच,
ताई