हमीदचाचांची जबान आणि अमेरिकेचे तीन गोल

रास अल खैमा
मंगळवार, १८ जून २००२

प्रिय अब्बा,

अस्सलामु अलैकुम. तुमचं पत्र आणि अम्मीने पाठवलेली सुक्या कोळंबीची चटणी एकाच माणसाबरोबर पोचली. चटणी हमीदचाचांच्या घरी जैनबचाचींनी पहिल्याच दिवशी अर्धी संपवली. पत्राला उत्तर लिहायला मात्र मला वेळ लागला. इथे ऊन असं आहे की दुपारी नळाला उकळतं पाणी येतं, आणि ऑफिसात एसी असा की मी स्वेटर घालून टायपिंग करते. अम्मीचा गुडघा कसा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. तुमच्या पत्रात गुडघ्याला जागाच उरली नव्हती.

तुम्ही विचारलंत की हमीदचाचांनी फोनवर सांगितलं ते खरं का. म्हणजे मी टेबलावर अमेरिकेचा झेंडा लावते, एका अमेरिकन माणसाबरोबर टीव्ही बघते आणि कँटीनमध्ये ओरडते. आणि खरं असेल तर, तुम्ही लिहिलंत, व्हिसा रद्द करून पंधरा जुलैच्या आत घरी ये, वासिफबरोबरचा निकाह लगेच उरकून टाकू.

अब्बा, तो अमेरिकन माणूस म्हणजे मिसेस क्रॉली. वय एकसष्ट. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरातून आमच्या कारखान्यात टाइलवरच्या चकाकीची तपासणी करायला आल्या आहेत. त्यांना तीन नातवंडं आहेत आणि दोन्ही गुडघे दुखतात. अम्मीशी त्यांचं चांगलं जमेल.

झेंडा दोन दिवस होता. कागदाचा, बोटाएवढ्या काठीचा, मिसेस क्रॉलींनी दिलेला. तिसऱ्या दिवशी अकाउंट्सचे नूरुद्दीनभाई हळूच येऊन म्हणाले, "मुनिबा, टीम को सपोर्ट करो. झंडा रहने दो. दिन ऐसे नहीं हैं." मला ते पटलं. मी झेंडा ड्रॉवरमध्ये ठेवला. मिसेस क्रॉलींनी तो कुठे गेला हे विचारलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

ओरडणं खरं आहे. त्याची हकीकत अशी.

फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आधी आमच्या कँटीनमध्ये चिठ्ठ्या टाकतात. टाइलच्या नमुन्यांच्या खोक्यात सगळ्या देशांची नावं. ज्याला जो देश येईल त्याने शेवटपर्यंत त्याचीच बाजू घ्यायची, बदलून मिळणार नाही. मी फोनवर होते, म्हणून माझी पाळी शेवटी आली. खोक्यात एकच चिठ्ठी होती, आणि तिच्या घड्या पाहून कळत होतं की ती आधी बऱ्याच जणांनी उघडून परत टाकली आहे. अमेरिका. सगळे हसले. हमीदचाचांना पोर्तुगाल आला होता. ते तर असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

तुम्हीही हसला असतात. जहाजावर होतात तेव्हाची बाल्टिमोरची गोष्ट तुम्हीच आम्हाला किती वेळा सांगितलीत. धक्क्यावर तुम्ही खलाशी बॉल खेळत होतात आणि तिथले अमेरिकन हमाल तुमच्याकडे माकडांचा खेळ बघावा तसे बघत होते. मग तुम्ही म्हणायचात, "अमेरिकन माणसाला फुटबॉल कधी कळणार नाही. माणूस एकदा घडला की घडला."

पण आली चिठ्ठी ती निभवायला हवी. मी मिसेस क्रॉलींना सांगितलं की तुमचा देश वर्ल्ड कपमध्ये आहे. त्या म्हणाल्या, "खरंच? कोणी सांगितलं?" मग त्यांनी मुलीला ईमेल केला, आणि तेव्हापासून रोज तिच्याकडून बातम्या येऊ लागल्या. मी त्या कँटीनच्या फळ्यावर लिहू लागले. त्यांच्या कोलंबसमध्ये केवळ फुटबॉलसाठी एक मैदान बांधलं आहे. त्यांची व्यावसायिक लीग अवघी सहा वर्षांची आहे, त्यातले दोन संघ या हिवाळ्यात बंद पडले, तरी लोक जातात. तीन वर्षांपूर्वी अमेरिकेत मुलींचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा फायनलला नव्वद हजार माणसं आली होती. मुलींचा खेळ बघायला, अब्बा. हे मी फळ्यावर दोनदा लिहिलं.

मिसेस क्रॉलींचं म्हणणं, पूर्वी त्यांच्या पेपरात ही बातमी मासे धरण्याच्या स्पर्धेच्या खाली यायची. आता पहिल्या पानावर फोटो येतो. काही जुने लेखक अजून लिहितात की हा खेळ म्हणजे झोपेचं औषध आहे. पण शिव्या द्यायला का होईना, रोज लिहावं तर लागतंच.

त्यांना स्वतःला एकच गोष्ट कळत नव्हती. बरोबरी. "एक-एक झालं, मग जिंकलं कोण?" मी म्हटलं, "कोणीच नाही." "मग आता काय करतात?" "घरी जातात." यावर त्यांनी खात्री करायला मुलीला पुन्हा ईमेल केला.

आता पाच जूनचं सांगते. त्या दुपारी अमेरिका-पोर्तुगाल होती. सकाळी हमीदचाचांच्या गाडीतून ऑफिसला येताना मी त्यांच्याकडे एक गोष्ट मागितली होती. काय ते पुढे लिहिते. त्यांनी ती हसण्यावारी नेली. कँटीनमध्ये मी पुन्हा विषय काढला, तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अगो मुनिबा, अमेरिका पोर्तुगालला हरवील ना, त्या दिवशी तू म्हणशील ते करीन. जबान दिली. नूरुद्दीन, तू गवाह."

नूरुद्दीनभाई म्हणाले, "लिख के दूँ?"

चौथ्या मिनिटाला अमेरिकेचा पहिला गोल झाला. चाचा म्हणाले, "होता है." दुसरा पोर्तुगालच्याच माणसाला लागून आत गेला. चाचांनी चमचा खाली ठेवला. तिसरा झाला तेव्हा मी ओरडले. मिसेस क्रॉली आधीपासूनच टाळ्या वाजवत होत्या, कारण त्या दोन्ही बाजूंसाठी वाजवतात. पुढे पोर्तुगालने एक केला, एक अमेरिकेनेच स्वतःवर करून घेतला, आणि शेवटची दहा मिनिटं हमीदचाचा उभ्याने सगळ्या दुआ पुटपुटत होते. मीही पुटपुटत होते. अल्लामियाँची त्या दिवशी फार ओढाताण झाली असणार.

मध्ये माझा फोन तीनदा वाजला. खोर फक्कान बंदरावरून वासिफ. "कितना हुआ?" वासिफला फुटबॉलमध्ये अजिबात रस नाही. मग तो तीनदा का विचारत होता? अब्बा, तुम्ही शहाणे आहात.

तीन-दोन. चाचा म्हणाले, "यल्ला, खलास, कामाला लागा."

मी म्हटलं, "चाचा, जबान."

"संध्याकाळी बोलू. इन्शाल्ला."

ते कंपनीचे पीआरओ, सरकारी कागद आणि सगळ्यांचे व्हिसे तेच करतात. व्हिसाच्या कामाला ते ज्या आवाजात इन्शाल्ला म्हणतात, त्याच आवाजात म्हणाले. ती कामं कधी होतात ते सगळा कारखाना जाणतो. पण संध्याकाळी जैनबचाचींनी त्यांच्यासमोर नुसता चहा ठेवला, बिस्किट ठेवलं नाही. म्हणाल्या, "पूरी कँटीनसमोर जबान दिलीत. ती पाळा, मग बिस्किट."

मी काय मागितलं होतं? फार मोठं काही नाही. तुम्ही आणि चाचांनी वासिफचं ठरवलंत, वासिफ चाचींचा सख्खा भाचा, बंदरावर चांगली नोकरी, पान-सिगरेट नाही. हे सगळं मला तुमच्या पत्रातून कळलं. माझं म्हणणं इतकंच होतं, की आम्हा दोघांना वेगवेगळं बसवून एकदा विचारा.

तुम्ही म्हणाल, काझी विचारतातच की. विचारतात, अब्बा. पण कधी? बाहेर चारशे माणसं रुमाल काढून बसलेली असतात, बिर्याणीच्या देगचीचं झाकण उघडलेलं असतं आणि फुफ्या-खाला मुलीच्या पाठीला कोपर लावून बसलेल्या असतात, तेव्हा. त्या घटकेला 'नाही' म्हणून चारशे माणसांची बिर्याणी थंड करणारी मुलगी आपल्या मोहल्ल्यात अजून जन्मली नाही. मीही ती नाही. म्हणून बिर्याणी चढवण्याआधी विचारा, एवढंच.

चाचांनी जबान अर्धी पाळली. वासिफला फोन केला. वासिफ म्हणाला, "मुनिबा को पूछो. वो बोलेगी वैसा." चेंडू माझ्याकडे ढकलून स्वतः मैदानाबाहेर जाऊन उभा राहिला. मला आधी राग आला, मग कीव आली. त्यालाही कोणी कधी विचारलेलं नव्हतं; जबानीची खबर लागल्यावर तो तीनदा स्कोअर विचारत होता तो म्हणूनच. पहिल्यांदा विचारल्यावर माणूस गडबडतो.

मग मला विचारायची पाळी आली. आणि अब्बा, चाचांनी मला विचारलं नाही. त्यांनी तुम्हाला फोन केला आणि झेंड्याचं सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका. मला विचारलं तर काय ऐकावं लागेल हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते तुमच्यापर्यंत पोचवायची त्यांची हिंमत नव्हती. ते तुम्हाला घाबरतात. मीही घाबरते. चार पानं झाली, मी अजून बाल्टिमोर आणि बिस्किटांत फिरते आहे, यावरून ओळखा.

काल अमेरिकेने मेक्सिकोलाही हरवलं. त्यांच्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि मिसेस क्रॉलींची मुलगी, जावई, नातवंडं सगळी जागी होती. ज्यांना हा खेळ कधीच कळणार नाही असं तुम्ही म्हणत होतात, ती ही माणसं. त्या माणसांना कोणी जबरदस्ती केली नव्हती. हळूहळू बघायला लागली, मग विचारायला लागली, मग उठून बसली. मिसेस क्रॉलींना एकसष्टाव्या वर्षी बरोबरी समजली. काल त्या मला म्हणाल्या, "कधीकधी कोणीच न हरणं बरं असतं." तुम्ही तर फक्त अठ्ठावन्न वर्षांचे आहात.

मला कॉलेजात घालताना सगळा मोहल्ला तुम्हाला हसला होता. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "मुलगी शिकली की घरात एक तरी माणूस नीट उत्तर देईल." म्हणून नीट देते. तुम्ही विचारलं नाहीत, तरी देते.

नाही, अब्बा. मला वासिफशी निकाह करायचा नाही. त्याच्यात खोट नाही. मला अजून एक-दोन वर्षं काम करायचं आहे, आणि पुढे जो कोणी येईल, त्याला मी आधी विचारीन आणि त्याने मला विचारावं.

तुमचा एक शब्द आला तर चाचा माझा व्हिसा उद्या रद्द करतील. त्या कामाला त्यांना इन्शाल्ला लागणार नाही. मी येईनही. बॅग भरून, न भांडता. पण उत्तर हेच घेऊन येईन.

शुक्रवारी अमेरिका-जर्मनी आहे. हमीदचाचा म्हणतात, जर्मनी जिंकली तर जबान रद्द. मी म्हटलं, ती पोर्तुगालवर होती, तुम्ही मॅच बदलू शकत नाही. नूरुद्दीनभाईंनी साक्ष दिली. हे पत्र तुमच्या हातात पडेल तोवर निकाल लागलेला असेल, आणि खरं सांगायचं तर मलाही फारशी आशा नाही. जर्मनी म्हणजे जर्मनी.

पत्र अम्मीला मोठ्याने वाचून दाखवा. बिर्याणीचा भाग गाळू नका. आणि गुडघ्याचं लिहा.

अमेरिका हरली असली तरी उत्तर न बदलणारी,
तुमचीच
मुनिबा