वीतभर पात

४ सप्टेंबर
मोरीच्या पाइपाखाली गवत माजलंय, असं मी लग्न होऊन आल्यापासून समजत होते. आज उपटायला वाकले तर लिली! डे-लिली, एका दिवसाचं फूल. साबणाच्या पाण्यात मुळ्या कुजत चाललेल्या. यांना विचारलं. "तिनं लावलेल्या," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. ती म्हणजे यांची पहिली बायको. ती गेल्यावर तिकडे कुणी फिरकलंच नाही. हे नाहीत, तिची लेकही नाही.

पोरीच्या खिडकीखाली चांगलं ऊन असतं. तिथे हलवायच्या. तिला आत्ता सांगायचं नाही, फुलल्या की दिसतीलच. चार वर्षांत तिनं मला कुठल्याच नात्यानं हाक मारलेली नाही. "अहो, ऐका" एवढंच.

७ सप्टेंबर
रजा टाकली. कुदळीनं गड्डे काढले. माती इतकी आंबलेली की वास अजून नाकात आहे. सडक्या मुळ्या कापल्या, उरलेल्या नळाखाली धुतल्या, मोठे गड्डे हातानं फोडून निम्मे केले. पात वीतभर ठेवून बाकीची विळ्यानं छाटली. नाहीतर मुळं धरायच्या आधी झाड पानं पोसूनच दमतं.

तेवढ्यात पोरगी कॉलेजातून आली. छाटलेल्या पातीच्या ढिगाकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या विळ्याकडे.

"आईचं तेवढंच राहिलं होतं. तेही कापलंत?"

"अगं, अशीच छाटायची असते, म्हणजे—" आतून दार लागलं.

हे पायरीवर चष्मा पुसत बसलेले. एक वाक्य बोलायचं होतं यांनी, एकच. अशी तिडीक आली! अंधार पडायच्या आत सगळ्या लावल्या. उघड्यावर टाकून कसं चालेल?

८ सप्टेंबर
जेवली नाही.

१० सप्टेंबर
बॅग भरून आत्याकडे राहायला गेली. जाताना वाफा तुडवला नाही, बाजूनं गेली. यातच समाधान मानून घेतेय. सावत्र आई म्हटलं की निकाल आधीच लागलेला असतो. मी फक्त विळा पुरवला.

२ नोव्हेंबर
बरेच गड्डे सडले. माझीच चूक, खोल पुरले. उरलेले उकरून वर घेतले. नणंदेचा फोन — "सारखं विचारू नकोस गं तिचं, चिडते ती." हे संध्याकाळी तिच्या खोलीतला दिवा लावतात, झोपताना मालवतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात. या घरात मी नसते तर ती असती, हे दोघांनाही कळतं.

१९ मे
फूल आलं! गर्द तांबडं, आत पिवळं. फोटो काढून तिला पाठवला. सोबत शब्दही लिहिला नाही, धीरच झाला नाही. तिनं पाहिल्याची खूण आली. तेवढीच. संध्याकाळी फूल मिटलं.

३ ऑगस्ट
कामावरून आले तर वाफा उकरलेला. "ती येऊन गेली," हे म्हणाले, "थांबली नाही." मी पायरीवरच बसले. आईच्या होत्या, नेल्या. मी कोण विचारणार? बऱ्याच वेळानं जवळ जाऊन पाहिलं. सगळ्या नेलेल्या नाहीत. प्रत्येक गड्डा फोडून निम्मा परत लावलाय. खोल नाही, बरोबर वर. पात वीतभर छाटून.