बादलीभर पिल्लं

बाबा, मासे मेले त्या दिवसांबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. तुम्ही विषय काढला नाहीत आणि मी तो निघू दिला नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, अगदी भाजी महागली इथपासून, पण या एका गोष्टीपाशी येऊन दर वेळी थांबले. आज रविवार आहे, घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले आहे. पत्र टाकायचं नाहीच आहे, त्यामुळे अक्षर कसंही आलं तरी चालेल.

सरोजिनी नगरच्या तळमजल्याच्या क्वार्टरमागे सिमेंटचा एक छोटा हौद होता. त्यात तुम्ही गप्पी मासे सोडले होते, डास होऊ नयेत म्हणून असं आईला सांगून. डासांचं नुसतं निमित्त होतं. ऑफिसातून आलात की तुम्ही चहाचा कप घेऊन त्या हौदाच्या कडेला बसायचात आणि कप रिकामा झाला तरी उठायचा नाहीत. रविवारी मला घेऊन यमुनेच्या काठी जायचात. तिथून आपण शिंपले आणायचो, शंख, गुळगुळीत गोटे, एकदा नीलपंखाचं पीस. घरी आल्यावर तुम्ही प्रत्येक वस्तू धुऊन, पुसून आगपेटीत ठेवायचात आणि वर चिठ्ठी लावायचात. सरकारी खात्यात तुम्ही ड्राफ्ट्समन, दिवसभर नकाशे काढायचे, त्यामुळे चिठ्ठीवरची अक्षरं छापल्यासारखी यायची. 'ओखला, पाण्याजवळ, पावसानंतर.' आई म्हणायची, "घर आहे की अजबखाना? आगपेटी उघडावी तर काडीऐवजी गोगलगाय निघते." तुम्ही म्हणायचात, "गोगलगाय नाही, नुसतं घर आहे तिचं. ती केव्हाच गेली." मला त्या वयात हे फार विनोदी वाटायचं.

मग तुमच्या खात्यात कंप्युटर आले. तुम्ही घरी त्याबद्दल काही सांगायचा नाहीत. एका संध्याकाळी तुमचे सगळे पेन धुऊन, डबीत घालून घरी घेऊन आलात तेव्हा आई समजली. स्वेच्छानिवृत्ती घेतलीत आणि क्वार्टर सुटलं. नोएडात आपला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तयार होता, रस्ते रुंद, झाडं गुडघ्याएवढी, आणि सेक्टरला नावाऐवजी नंबर. गप्पी तुम्ही शेजारच्यांना देऊन टाकलेत. हौद उचलून नेता येत नव्हता. पहिले काही महिने तुम्ही नव्या बाल्कनीत उभे राहून समोरच्या रिकाम्या प्लॉटकडे बघत राहायचात. आई मला हळूच म्हणायची, "बोल गं त्यांच्याशी काहीतरी." मी काय बोलणार होते? मला नुकतीच नोकरी लागली होती, दोन सेक्टर पलीकडे, जाहिराती आणि कॅटलॉग बनवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात, कंप्युटरवर. तुमचं काम ज्यानं गेलं त्याच यंत्रावर मी बसत होते, आणि ते आपल्यापैकी कुणीही बोलून दाखवत नव्हतं.

काचेची टाकी तुम्ही स्वतः केलीत. काचा कापून आणल्यात, चार दिवस हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून त्या चिकटवल्यात, पाणी भरून गळते का ते पाहिलंत, रिकामी केलीत, पुन्हा चिकटवलीत. तळाला यमुनेचे गोटे घातलेत, आगपेट्यांतून काढून. मग एंजल माशांची जोडी आणलीत, चपटे, चंदेरी, काळ्या पट्ट्यांचे. हवेचा पंप भिंतीला टेकून घुरघुरायचा. आई म्हणाली, "आता हा एक घोरणारा आला घरात." पण ती पण बघत बसायची. माझी लहानपणीची फुटकी पाटी तुम्ही टाकीत तिरकी उभी करून ठेवली होती, आणि एका सकाळी त्या पाटीवर साबुदाण्यापेक्षाही बारीक अंडी ओळीनं लागलेली होती. तुम्ही मला हाक मारलीत ती हाक माझ्या अजून कानात आहे. "ये, ये, लवकर ये, चपला राहू दे!" दोन्ही मासे आळीपाळीनं पंखांनी अंड्यांना वारा घालत होते. वरच्या मजल्यावरच्या पंजाबी काकू खास बघायला आल्या. "भाईसाहब, बाप भी पंखा झलता है? हमारे वाले को दिखाओ जरा." तुम्ही इतके हसलात. क्वार्टर सुटल्यापासून तुम्हाला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. आठवड्याभरात पिल्लं पोहायला लागली, शे-दीडशे तरी असतील, आई-बापाभोवती धुक्यासारखी. तुम्ही उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून त्यांना भरवत होतात. वहीत रोज लिहीत होतात, त्याच छापील अक्षरात.

आणि मे महिन्यात सेक्टरचा ट्रान्सफॉर्मर जळला. वीज जाणं नवीन नव्हतं, पण ती संध्याकाळपर्यंत यायची. या वेळी आलीच नाही. पंप बंद. तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. तुम्ही स्टुलावर उभे राहिलात आणि मगानं टाकीतलं पाणी उचलून उंचावरून परत टाकीत सोडायला लागलात, बारीक धारेनं, पिल्लांना धक्का लागू नये असं. थांबलात की ते वर यायचे. म्हणून थांबायचंच नाही. आई थोडा वेळ करायची, मी थोडा वेळ करायची, बाकी सगळा वेळ तुम्ही. काचेला ओल्या चादरी गुंडाळल्यात. बर्फ पिशवीत बांधून पाण्यात तरंगत ठेवलात. दुपारी बिजलीघरात जाऊन आलात, तर तिथला माणूस म्हणाला, "बाबूजी, यहां आदमी गर्मी से मर रहे हैं, आपको मछली की पडी है." तुम्ही हे घरी येऊन सांगितलंत आणि म्हणालात, "त्याचंही चूक नाही." आणि पुन्हा मग हातात घेतलात.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले. तिथे जनरेटर होता. कंप्युटरसाठी एसी चालू, इतका गार की मी ओढणी खांद्यावरून घेऊन बसले होते. साडेबाराच्या सुमाराला तुमचा फोन आला, खालच्या पीसीओवरून. मागे रस्त्याचा आवाज होता. तुम्ही म्हणालात, "अगं, तुमच्याकडे लाइट आहे ना? मी काय म्हणतो, जोडी आणि पिल्लं बादलीतून घेऊन येऊ का? पंप सोबत आणतो. एका कोपऱ्यात ठेवीन, कुणाला त्रास नाही. फक्त वीज येईपर्यंत. साहेबांना विचारतेस?" मी म्हटलं, "थांबा, विचारते." साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं, पाच पावलांवर. ते चहा पीत होते. मी रिसीव्हरवर हात ठेवला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत थोडी थांबले, आणि हात काढून म्हटलं, "नाही म्हणाले, बाबा. चालणार नाही म्हणाले."  मग म्हणालात, "बरोबर आहे. ऑफिस आहे शेवटी. तू जेवलीस का?"

संध्याकाळी मी घरी येते तेव्हा तुम्ही अजून स्टुलावर आहात. बनियन अंगाला चिकटलेला, उजवा हात कोपरापासून थरथरतोय, म्हणून डाव्या हातानं पाणी सोडताय. पिल्लं तळाला बसायला लागली आहेत. "दे मला," मी म्हणते. तुम्ही हातातला मग देत नाही. "तू दमून आलीस, बस." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि पदरानं तुमची पाठ पुसावी की नाही हे तिला ठरवता येत नाही. मला सगळं दिसतंय आणि मला काही करता येत नाही, कारण जे करता आलं असतं ते मी दुपारी केलेलं नाही. पिल्लं त्या रात्रीतच संपली. मादी तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. नर दुपारपर्यंत होता, एका कुशीवर. वीज चारला आली. सगळ्या बिल्डिंगमधून मुलांचा ओरडा उठला, पंप घुरघुरायला लागला, आणि तुम्ही जाऊन त्याची पिन भिंतीतून काढून टाकलीत.

टाकी तुम्ही कुणालातरी देऊन टाकलीत. वहीतली पुढची पानं कोरी राहिली. मी तुम्हाला नवी जोडी आणून देईन म्हटलं, तर म्हणालात, "नको गं, पुन्हा लाइट जाईल."

याच्यापुढचं मात्र तुम्हाला आणि मला दोघांनाच माहीत आहे. तीन वर्षांनी माझं लग्न झालं, मयूर विहारच्या त्या हॉलमध्ये, भर दुपारी. साहेब आले होते, बायकोला घेऊन. तुम्ही त्यांचे दोन्ही हात हातात घेतलेत. तुमची ती जपून बोलायची हिंदी. "उस समय आपको तकलीफ दी थी, मछलियों के लिए पुछवाया था. मुझे बाद में लगा, ऐसा पूछना नहीं चाहिए था. आप बुरा मत मानिएगा." साहेब म्हणाले, "कौन-सी मछलियां, अंकल?" मी शेजारीच उभी होते, मुंडावळ्या बांधलेल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग त्यांच्याकडे वळून म्हणालात, "अरे, कुछ नहीं, मुझे किसी और का ध्यान रहा. आप खाना खाइए, श्रीखंड जरूर लीजिए." आणि त्यांना पाठीवर हात ठेवून जेवणाच्या पानांपर्यंत घेऊन गेलात.

त्यानंतर तुम्ही पाच वर्षं होतात. दर रविवारी मी यायचे. तुम्ही तसेच हसून दार उघडायचात, मला आवडते म्हणून साय बाजूला काढून ठेवायचात. मी प्रत्येक वेळी ठरवून यायचे की आज बोलायचं. जिना चढेपर्यंत वाक्य तयार असायचं, आणि तुम्ही म्हणायचात, "ऊन लागलं का?" की ते कुठेतरी जायचं. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते. हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तुमचा हात हातात होता, तेव्हाही मी नर्सला सलाइनचं विचारत राहिले.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तेव्हा नोकरी नवी होती, साहेब कडक होते. नोकरीला आठ महिने झाले होते. साहेब भला माणूस होता, त्यांनी खुर्ची सरकवून जागा करून दिली असती. बाबा, तुम्ही सायकलरिक्षातून उतराल, भिजलेल्या पायजम्यात, मांडीवर बादली सांभाळत, आणि ऑफिसातले सगळे माना वर करून बघतील, मला एवढीच लाज वाटली.